बंद केलेली धार

त्याला सगळे वाटाड्या म्हणत. खरं नाव बायकोला आणि बँकेला तेवढं ठाऊक, असं तो स्वतःच हसत सांगायचा.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या लहानशा शहरात, बुटांचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्या मधोमध भटकंतीचं एक ऑफिस होतं. बाहेर एक बाक, आत भिंतभर नकाशा, आणि नकाशाखाली त्याची खुर्ची. लांबलांबहून माणसं यायची. कोणाची सॅक इतकी नवीन असायची की तिचा वास येई. ती विचारायची, "आम्ही कुठे जावं?" त्याचं उत्तर द्यायचं हेच वाटाड्याचं काम. डोंगर, जंगल की नदी, चढ किती, मुक्काम कुठे, परत कसं यायचं.

या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तो आधी माणसाच्या पायातल्या बुटांकडे बघायचा, मग ती माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते ऐकायचा. ऑफिसच्या पायरीवरच ज्या जोडप्याची कुरबुर झाली त्याला तो कधी होडीत बसवत नसे. "होडीत रुसून बसायला दुसरी खोली नसते," तो म्हणायचा. शिखर जिंकायला निघालेल्या बढाईखोर पोरांना तो मुद्दाम जंगलात पाठवी. तिथे जिंकण्यासारखं काही नसे, नुसती झाडं. पोरं परत यायची ती जरा कमी बोलत. गुडघे धरलेल्या माणसाला तो "सोपी वाट" असं म्हणत नसे. "आरामाची वाट आहे, साहेब," म्हणे. माणूस खूश होऊन नदीकाठाने निघे.

हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळ्या वाटा स्वतः चालून बघायचं कामही त्याचंच. कुठे झाड आडवं पडलंय, कुठे पूल खचलाय ते पाहून तो नकाशावर टाचण्या लावायचा. हिरवी टाचणी म्हणजे खुशाल जा, लाल म्हणजे बंद. त्या टाचण्यांवर आख्खं शहर विसंबून होतं. ऑफिसच्या मॅनेजरबाई सुद्धा फोनवर सांगायच्या, "वाटाड्या जाऊन आलाय ना, मग झालं."

त्याच्या वाटांमधली सगळ्यांत देखणी वाट म्हणजे धार. शहरामागच्या रानातून चढत जायचं आणि मग डोंगराच्या उघड्या कण्यावरून चालायचं. दोन्ही बाजूंना खोल उतरण. मधे एका ठिकाणी धार इतकी निमुळती होते की तिची रुंदी पलंगाएवढीच राहते. ती जागा ओलांडली की पलीकडे एकदम हिरवं कुरण, आणि कुरणात दगडी घर. तिथे एक मावशी आणि तिची नणंद राहायच्या. दोघी विधवा. धारेवरून आलेल्यांना गरम जेवण, जाड पांघरूण आणि सकाळी शेळीच्या दुधाचा चहा मिळे. "नणंद-भावजय एका चुलीवर गुण्यागोविंदाने नांदतात," वाटाड्या पाहुण्यांना सांगायचा, "शिखरापेक्षा ते बघायला जा."

ही वाट त्याने स्वतःच बंद केली.

झालं असं. एका वर्षी हंगामाच्या तोंडावर तो नेहमीसारखा एकटा धार तपासायला गेला. हवा स्वच्छ होती, वारा नव्हता. निमुळत्या जागी त्याचा पाय एका सुट्या दगडावर पडला आणि दगड खाली गेला. वाटाड्या गेला नाही. त्याला खरचटलंही नाही. तो नुसता बसला. पण दगड खाली जाताना त्याने पाहिला होता, आणि तो कितीतरी वेळ जातच होता.

बसल्यावर त्याला उठता येईना. आयुष्यभर ज्या धारेवरून तो शीळ घालत गेला तिच्यावर तो पालथा पडून दोन्ही हातांनी खडक कवटाळून राहिला. डोळे उघडले की सगळं फिरायचं. काही वेळाने त्याच्या लक्षात आलं की आपली पँट ओली झालीय. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, तरी त्याने मान वळवून बघितलं. मग तो तसाच, लहान मूल रांगतं तसा, मागे मागे सरकत रानापर्यंत आला.

घरी आल्यावर त्याने न्हाणीघरात जाऊन पँट स्वतः धुतली. त्याची बायको सॅक आणि तंबू दुरुस्त करायची. घरातल्या पुढच्या खोलीत तिचं जाड कापड शिवायचं मशीन होतं. मशीन थांबवून ती म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवलाय?"

"चिखल लागला होता," तो म्हणाला. डोंगरात त्या आठवड्यात चिखल कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंनी विचारलं, "धार कशी आहे?"

खरं तर त्याने ठरवलं होतं की बरी आहे म्हणून सांगायचं. वाट खरोखरच बरी होती. पण बरी आहे म्हटलं असतं तर पहिल्या गटाला घेऊन नेहमीप्रमाणे त्यालाच जावं लागलं असतं. त्याच्या तोंडातून निघून गेलं, "दरड कोसळलीये. मधली जागा गेली."

"अरे बापरे. मग लाल टाचणी लावू?"

"लावा."

एवढंच. खऱ्याची हद्द ओलांडायला फार तर दोन वाक्यं लागली. मॅनेजरबाईंनी मावशीला फोन करून कळवलं, आणि धार बंद झाली.

त्याला वाटलं होतं, महिनाभरात भीती ओसरेल, मग दुरुस्ती झाली म्हणून सांगू. भीती ओसरली नाही. तो एकदोनदा रानाच्या टोकापर्यंत जाऊन आला. जिथे झाडं संपतात तिथे त्याचे पाय लाकडासारखे होत. मग हंगाम संपला, दुसरा आला, आणि लाल टाचणी तशीच राहिली. कोणी तपासायला गेलं नाही, कारण तपासणारा तोच. उलट त्याचं कौतुक व्हायला लागलं. मॅनेजरबाई नव्या माणसांना सांगायच्या, "एवढी चालणारी वाट, पण जिवाला धोका दिसला तसा याने क्षणात बंद केली." तेव्हा वाटाड्या खाली वाकून बुटाची नाडी बांधायचा. त्या दिवसांत त्याची नाडी फार वेळा सुटायची.

दुसरा हंगाम सरत आला तेव्हा एके दिवशी दुपारी ऑफिसच्या दारात मावशी उभी राहिली. वाटाड्याने तिला शहरात क्वचितच पाहिलं होतं. तिचं जाणंयेणं डोंगराच्या पलीकडल्या बाजूने असे. ती आत आली, खुर्चीवर टेकली, पाणी प्यायली. ऑफिसात मॅनेजरबाई होत्या, नदीवर होड्या नेणारा नावाडी होता, आणि नकाशा बघत उभं असलेलं एक कुटुंब होतं.

"बरा आहेस ना?" मावशीने विचारलं. ती त्याला मिसरूड फुटल्यापासून ओळखत होती.

"बरा आहे मावशी. तुम्ही इकडे कशा?"

"तुलाच विचारायला आले." ती जरा संकोचली. "मधे दोनतीन माणसं चुकून वर आली होती. म्हणाली, धारेवरून आलो, दरडबिरड काही नाही. मी म्हटलं, यांना धार कुठली ते कळलंच नसणार. पण मनात राहिलं. म्हणून आज पहाटे मीच निघाले. हळूहळू आले. मला तर सगळी धार शाबूत दिसली रे. दगडसुद्धा ओळखीचे होते. मग वाटलं, माझंच काही चुकलं का? डोळ्यांना कमीच दिसतं हल्ली. मी दुसऱ्याच वाटेने आले का?"

ऑफिसात सगळे त्याच्याकडे बघत होते. नावाड्याने हातातला चहाचा पेला खाली ठेवला. तिच्या बोलण्यात आडून काही नव्हतं. ती खरोखरच विचारत होती. स्वतःच्या पायांनी चालून आलेली बाई, आपण कुठून आलो ते त्याला विचारत होती, कारण त्याने सांगितलं होतं की ती वाट नाही.

त्या क्षणी खरं बोलायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं त्याला लाज वाटत राहिली ती या क्षणाची. घाबरण्याची लाज वेगळी, पहिल्या खोट्याचीही वेगळी. हे तिसरं त्याने शांत डोक्याने केलं.

"वाट तीच आहे मावशी," तो म्हणाला. "वरून ठीक दिसते. पण आतून पोकळ झालीये. कधी बसेल सांगता येत नाही. तुम्ही वाचलात म्हणायचं."

मावशीने छातीवर हात ठेवला. "अगं बाई. आणि मी मधे बसून घाम पुसला." मग तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "बरं झालं तुला विचारलं. आता जाताना खोऱ्यातल्या वाटेने जाते. उगाच कशाला."

खोऱ्यातली वाट म्हणजे डोंगराला सबंध वळसा. मॅनेजरबाई म्हणाल्या, "एवढ्या लांबून?" पण मावशी म्हणाली, "हा सांगतोय ना." रात्र ती शहरातल्या भाचीकडे काढणार होती, उजाडल्यावर निघणार होती. दारातून बाहेर पडताना ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. तिचा उजवा गुडघा वाकत नव्हता. वाटाड्याने ते बघितलं. बघण्याचंच तर त्याचं काम होतं.

संध्याकाळी तो घरी आला तो सरळ बायकोच्या मशीनजवळ जाऊन बसला. ती एका सॅकचा तुटलेला पट्टा बसवत होती.

"मावशी आली होती," तो म्हणाला.

"कळलं. नावाड्याची बायको भेटली होती भाजी घेताना." तिने दोरा तोडला. "पोकळ झालीये म्हणालात म्हणे."

त्याने वाकून बुटाची नाडी सोडायला घेतली.

"अहो, ती दरड कुठे कोसळली ते मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "वाळत घातलेली पँट मीच उचलली ना. चिखलाचा डाग धुतला तरी राहतो. तिला डाग नव्हता."

त्याचे कान तापले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. आज बोलाल, उद्या बोलाल. घाबरलात तर घाबरलात, त्यात काय आभाळ कोसळलं? मीसुद्धा पाल दिसली तर खुर्चीवर चढते. पण मी काही घर बंद करून टाकत नाही." तिने सॅक बाजूला ठेवली. "एक सांगू का? मलाही लाज वाटतेय. मला ठाऊक होतं आणि मी मशीन चालवत राहिले. वरच्या दोघींचं काय चाललं असेल, असं रोज मनात यायचं. पण तुमचं नाव जाईल म्हणून तोंड शिवून घेतलं."



सकाळी तो भाचीच्या घरी गेला तर मावशी निघून गेलेली. तो खोऱ्याच्या वाटेने झपझप चालत सुटला. ओढ्यापाशी त्याला ती दिसली. ओढ्यावरच्या ओंडक्याच्या पुलावर एका बाजूलाच कठडा होता, आणि तो नेमका तिच्या डाव्या हाताला. उजव्या बाजूने गुडघ्याला आधार मिळेना. ती अलीकडच्या काठावर दगडावर बसून पुलाकडे बघत होती.

"तू कसा इथे?" ती म्हणाली. "काही विसरले का मी?"

तो तिच्यासमोर उभा राहिला. बसावं की उभं राहावं तेच त्याला कळेना. "मावशी, दरड कोसळलीच नव्हती. पोकळही काही नाही. वाट चांगली आहे. मीच घाबरलो. मधल्या जागी पाय सटकला आणि मी घाबरलो, मग मला परत तिथे जायचं नव्हतं, म्हणून वाट बंद केली."

ओढ्याचा आवाज होता म्हणून त्याला वाटलं तिला ऐकू गेलं नसेल. पण तिला ऐकू गेलं होतं.

"आणि काल?" तिने विचारलं.

"कालही खोटंच बोललो."

ती पुन्हा पुलाकडे बघू लागली. मग म्हणाली, "काल मी रात्रभर विचार करत होते, की आता आपल्याला दिसतं त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. भाचीला म्हटलंसुद्धा, मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने." तिने पदराने तोंड पुसलं. "नणंद गेली माझी. तुला ठाऊक आहे?"

"गेली?"

"मेली नाही रे. गेली. एक हंगाम वाट बघितली आम्ही. रोज सकाळी ती जास्तीचं पीठ मळायची, कोणी आलं तर असावं म्हणून. मग म्हणाली, वहिनी, इथे आपण दोघीच एकमेकींची तोंडं बघत म्हाताऱ्या होणार. लांबच्या मोठ्या शहरात एका इस्पितळात कपडे धुवायच्या कामाला लागली. तेव्हापासून मी एकटी."

"मावशी, मला माफ..."

"माफीचं मग बघू," ती मधेच म्हणाली. "आधी मला घरी पोचव. हा वळसा माझ्या गुडघ्याने होत नाही. जवळची वाट आहे ना? चांगली आहे म्हणतोस ना? मग चल."

दोघं मागे फिरली. रान चढून वर यायला दुपार झाली. जिथे झाडं संपत होती तिथे त्याचे पाय नेहमीसारखे जड झाले. मावशी रानात उचललेली काठी टेकत पुढे गेली. तो मागून चालला, मग वाकून चालला, आणि निमुळती जागा आली तसा खाली बसला. बसल्या बसल्या, हातांवर अंग उचलत, तो पुढे सरकू लागला. एका वाकत नसलेल्या गुडघ्याची म्हातारी त्याच्यापुढे उभी चालत होती आणि तो, ज्याच्या टाचण्यांवर शहर चालत होतं, ढुंगणावर सरकत होता. ती वळून बघत नव्हती. रागाने बघत नाही की आपली लाज राखायला बघत नाही, ते त्याला कळलं नाही. पुढेही कधी कळलं नाही.

मधोमध तो थांबला. पुढे सरकवेना, मागेही जाववेना.

"मावशी," त्याने हाक मारली. ती थांबली. पुढचे शब्द काढायला त्याला ओढ्यापाशी पडले त्याहून जास्त कष्ट पडले. "हात द्या मला."

ती दोन पावलं मागे आली आणि तिने हात दिला. हात कोरडा आणि खरखरीत होता. "खाली बघू नकोस," ती म्हणाली. "माझ्या पाठीकडे बघ. एवढी रुंद पाठ आहे, दिसेल तुला." ती हसली नाही, पण बोलली नेहमीच्या आवाजात.

घर बाहेरून तसंच होतं. आत पाहुण्यांच्या खोलीत गाद्या गुंडाळून उंदरांच्या भीतीने तारेला टांगलेल्या. बूट ठेवायच्या फळीवर कांदे पसरले होते. स्वयंपाकघरात खिळ्याला नणंदेचा एप्रन लटकत होता. मावशीने चहा टाकला. तो पिऊन झाल्यावर तिने नणंदेला फोन लावला. फोनवर कमी ऐकू येतं म्हणून ती आवाज मोठा ठेवायची, त्यामुळे वाटाड्यालाही सगळं ऐकू आलं.

"वाट उघडली गं," मावशी म्हणाली. काय झालं होतं तेही तिने सांगितलं, काहीही न वाढवता, न लपवता.

"बरं झालं," नणंद म्हणाली. "पण मी आता नाही यायची, वहिनी. इथे बायका चांगल्या आहेत. संध्याकाळी गप्पा होतात. मला करमतंय."

"ये असं नाही म्हटलं मी," मावशी म्हणाली. "कळवलं आपलं."

फोन ठेवल्यावर ती उठून शेळ्यांना बघायला गेली आणि बराच वेळ बाहेर राहिली. वाटाड्या रिकामा कप हातात धरून बसून राहिला. कप कुठे ठेवायचा एवढंही त्या घरात ठरवायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मावशीचाच हात धरून तो धारेच्या अलीकडे आला आणि ऑफिसात जाऊन मॅनेजरबाईंना सगळं सांगितलं. त्या घाबरण्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. "मी लोकांना तुझं उदाहरण द्यायचे," एवढंच म्हणाल्या, आणि त्याला ते पुरलं. संध्याकाळी होडीवाले, जंगलातून गट नेणाऱ्या बायका, सगळे जमले असताना त्यांनी त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं. कोणी हसलं तर बरं, असं त्याला वाटत होतं. कोणीच हसलं नाही. शेवटी नावाडी म्हणाला, "मला सांगायचंस तरी. मी गेलो असतो ना तुझ्या बदली."

खुर्ची त्याच्याकडेच राहिली, टाचण्या मात्र गेल्या. वाटा तपासायला आता दोघं मिळून जातात, एक जण कधीच नाही. तो फक्त येणाऱ्यांना वाट निवडून देतो. त्यात एक प्रश्न वाढलाय. बूट बघून झाले, बोलणं ऐकून झालं की तो विचारतो, "भीती कशाची वाटते तुम्हाला?" माणसं आधी चमकतात, मग सांगतात. एक दांडगा गडी म्हणाला होता, अंधाराची. एक आई म्हणाली होती, मुलगी हात सोडून पुढे पळेल याची. कोणी काही सांगितलं की तो मान डोलावतो, त्यावर बोलत नाही, आणि त्याप्रमाणे वाट काढून देतो.

मावशीचं घर आता कोरड्या दिवसांतच उघडं असतं. ती पांघरुणं देते, चूल देते, स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. नणंद वर्षातून एकदा चार दिवस राहून जाते. वाटाड्याची बायको फाटलेली पांघरुणं खाली मागवते आणि शिवून परत पाठवते. त्याबद्दल ती घरात काही बोलत नाही. तोही हंगामात एकदा तरी जातो, कोणाचा तरी हात धरून. चहा मिळतो. मावशी तब्येतीची चौकशी करते, बायकोची करते. माफीचं मग बघू म्हणाली होती, तो विषय तिने परत काढलेला नाही, आणि विचारायची त्याची छाती होत नाही.

मागच्या हंगामात धारेवरून आलेली एक बाई ऑफिसात मुद्दाम थांबली. "फार सुंदर वाट दिलीत," ती म्हणाली. "तुम्ही तर हजारदा गेला असाल."

पूर्वीचा असता तर तो नुसता हसला असता.

"जातो," तो म्हणाला. "पण मधल्या जागी मला हात धरावा लागतो."

त्या बाईला ते विनयाने बोलल्यासारखं वाटलं. ती हसली आणि सॅक उचलून गेली. वाटाड्याचे कान लाल झाले होते. त्याने बाहेरच्या बाकावर थांबलेल्या पुढच्या माणसांना आत बोलावलं.